अतिवास्तववाद, मुक्काम पोस्ट तिसगाव

नगर जिल्ह्यात माणसं देवाला जातात, नाहीतर लग्नाला जातात. यंदासारख्या दुष्काळात तर सरकारी माणसांखेरीज कोणी तिकडे फिरकत नाही. मी गेले ते पॅरिसमधल्या एका चळवळीसाठी. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे तिला. नाही गेली तर घरातच दुष्काळ पडेल."

त्याचं असं झालं. पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत मी चौदा वर्षं चित्रकला शिकवते आहे. शाळा सुटल्यावर रोज तासदीड तास खपून, तीन वर्षांत मी अतिवास्तववादावर एक पुस्तक लिहिलं. वितळलेली घड्याळं, ढगांची डोकी असलेली माणसं, ज्यांच्याकडे बघून शहाणा माणूस 'हे काय बुवा?' म्हणतो ती सगळी चित्रं ज्या मंडळींनी काढली, त्यांची ही हकिगत. संपादकांनी एकशेवीस पानं वाचली आणि परत केली. "बाई, मला कळलं," ते म्हणाले, "पण मला कळून काय उपयोग? ज्याला फ्रान्स कुठे आहे तेही ठाऊक नाही अशा एका माणसाला तरी हे कळल्याचं दाखवा. दुसऱ्या दिवशी छापखान्यात देतो." ते मला वाटेला लावत होते हे न समजण्याइतकी मी भोळी नाही. पण मी हट्टी आहे, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी आठ दिवसांची रजा टाकली, हस्तलिखित आणि चित्रांची गुंडाळी पिशवीत घातली, आणि मार्चअखेरीला एस.टी.त बसले. मनाशी ठरवलं की एकाही माणसाला कळलं नाही, तर येताना पानं कुठल्यातरी कोरड्या विहिरीत टाकून यायची.

राहुरी

राहुरीला माझी मावसबहीण राहते. तिचे यजमान शेतकी खात्यात मातीचे जाणकार आहेत. सुरुवात घरच्या माणसांपासून करावी म्हणून मी पहिल्या संध्याकाळीच त्यांना पहिलं प्रकरण वाचून दाखवायला बसले. आठव्या पानावर भाऊजींची मान छातीवर आली. मी तिसाव्या पानापर्यंत वाचतच राहिले, कारण पुस्तकातच लिहिलं आहे की या पंथात झोपेला फार मान. फ्रान्सात म्हणे एक कवी झोपायला जाताना दारावर पाटी लावायचा की कवी कामात आहे.

जाग आल्यावर भाऊजी ओशाळून म्हणाले, "छान आहे. चित्रं दाखव."

मी गुंडाळी उलगडली. एका बाईने कपबशीला आणि चमच्याला केसाळ कातडं मढवलं होतं, त्याचा फोटो वर आला. तेवढ्यात बहिणीने चहा आणला. भाऊजींनी फोटोकडे पाहिलं, हातातल्या कपाकडे पाहिलं, आणि गंभीरपणे विचारलं, "ही धुवायची कशी?"

मला राग आला, पण आता विचार करते तर प्रश्न बरोबर होता. त्या बाईला तेच तर हवं होतं, की रोजची वस्तू हातात धरल्यावर माणसाला क्षणभर कसंतरी व्हावं. तेव्हा मात्र मला ते सुचलं नाही. मी चिडून गुंडाळी बांधली आणि दुसऱ्या दिवशी तिसगावची गाडी धरली.

तिसगाव

राहुरीकडे कालव्याच्या कडेला अजून हिरवं दिसत होतं. नगर ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की हिरवा रंग डोळ्यांना दिसेनासाच होतो. डोंगर काळे, शेतं मातीच्या रंगाची, आणि बाभळींनाही पाला नाही, कारण तो शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेला. वाटेत एक टँकर उभा होता आणि त्याच्यापुढे हंड्यांची रांग होती. बायका रांगेत नव्हत्या, हंडेच होते. बायका कामावर गेल्या होत्या आणि कोणाचा हंडा कोणाच्या पुढे यावर भांडायला एक म्हातारा बसवून ठेवला होता.

तिसगावात माझी शाळेतली मैत्रीण मालती प्राथमिक शाळेत शिकवते. पुण्यात पाहुणा आला की आपण न विचारता पाण्याचा तांब्या पुढे ठेवतो. मालतीने दारातच विचारलं, "पाणी किती लागेल?" मी अर्धा तांब्या म्हटलं. तिने पाऊण दिलं आणि हात धुतलेलं पाणी घमेल्यात धरून ठेवलं. जेवायला पिठलं आणि मिलोची भाकरी होती. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. ही भाकरी थापताना कडेला चिरते आणि गार झाली की वाळकी होते. मालती म्हणाली, "आमच्या गावात अमेरिका पोहोचली आहे. तू फ्रान्स आणलास, बरं केलंस."

गाव अर्धं रिकामं होतं. काही घरं दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांपैकी बरेच पुरुष बैल घेऊन कोल्हारला, प्रवरेच्या काठच्या जनावरांच्या छावणीत होते, कारण इथे चारा नाही आणि तिथे उसाचं वाढं मिळतं. उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पात्याला वाढं म्हणतात. छावणीतून दर आठवड्याला पोस्टकार्डं यायची, ती तिथला कारकून लिहून द्यायचा आणि इथे मालती वाचून दाखवायची. बायका पाझर तलावाच्या कामावर होत्या. "तुला फ्रान्स ठाऊक नसलेली माणसं हवी आहेत ना?" मालती म्हणाली. "चल, उद्या दोनशे दाखवते."

तलावाच्या बांधावर

सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिकडे गेलो. ओढ्यावर मातीचा बांध पडत होता. काही बायका खडी फोडत होत्या, काही डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहत होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा जेवणाची सुटी झाली होती आणि सुकडीचं, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सरकारी पौष्टिक खाण्याचं, वाटप चाललं होतं. मला बघताच कुजबुज झाली आणि तीन-चारजणी लगबगीने बांधापलीकडे गेल्या. मला कळेना. मालती हसायला लागली. पांढरी साडी, चष्मा, काखेत पिशवी: मी कुटुंबनियोजनाची बाई ठरले होते.

"ऑपरेशनच्या न्हाईत गं," मालतीने ओरडून सांगितलं, "चित्राच्या हायेत."

तशा त्या परत आल्या आणि माझ्याभोवती तिघी जणी बसल्या. पारूबाई चाळिशीची, तोंडाने फटकळ. गऊबाई साठीच्या पुढची. आणि सोनाबाई, वय तिशीच्या आतबाहेर, जिने सुरुवातीला माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सुकडी खात राहिली.

हस्तलिखित काढायचं धाडस झालं नाही. मी तोंडीच सुरू केलं. "लांबच्या मुलखात साठ वर्षांमागं मोठी लढाई झाली. साहेबाची आणि जर्मनची."

"बसऱ्याची," गऊबाई म्हणाली. इराकातल्या बसऱ्याला तेव्हा इकडचे शिपाई गेले होते.

"बसऱ्यालाही झाली."

"आमचं मामंजी गेल्तं की." मामंजी म्हणजे तिचे सासरे. "परत आलं ते हात-पाय धड हुतं. पर बोलंनात. ताटली वाजली तरी दचकायचं. मग जेवान टाकून गोठ्यात जायाचं, बैलाच्या पाठीवर हात ठिवून उभं ऱ्हायाचं. तवा कुठं ऊर खाली बसायचा त्यांचा."

"औषध काय केलं?"

"कशाचं अवशिद? बैल हुता न्हवं."

माझ्या पुस्तकाचं अकरावं पान हेच आहे. त्या लढाईत फ्रान्सचा एक तरुण, डॉक्टरकीचं शिक्षण घेणारा, अशाच हादरलेल्या शिपायांच्या इस्पितळात कामाला होता. हात-पाय धड असलेली माणसं. ती झोपेत बरळायची, जागेपणी भलतंच बोलायची. बाकीचे त्याला वेड म्हणायचे. हा ऐकत बसायचा. व्हिएन्नाच्या एका डॉक्टरने स्वप्नांवर लिहिलेलं त्याने वाचलं होतं, आणि त्याला वाटू लागलं की या बरळण्यात जेवढं खरं आहे तेवढं वर्तमानपत्रात नाही. हे सगळं सांगायला मला चार पानं लागली होती. गऊबाईने ते एका सासऱ्यात आणि एका बैलात बसवलं.

मला जोर चढला. मी सांगत गेले. शिकल्यासवरल्या, शहाण्यासुरत्या माणसांनी टेबलावर नकाशे पसरून ती लढाई केली आणि एक पिढी मातीत घातली. म्हणून वाचलेल्या पोरांचा शहाणपणावरचाच विश्वास उडाला. आधी स्वित्झर्लंडमध्ये काही जण एका खानावळीत जमून मुद्दाम अर्थहीन गाणी म्हणायला लागले. पुढे पॅरिसात त्यांच्यासारखीच दुसरी मंडळी म्हणाली, नुसती मोडतोड पुरे, आता आत काय आहे ते बघू. माणसाच्या डोक्याच्या दारावर एक पहारेकरी बसलेला असतो. हे बोल, हे बोलू नको, हे शोभतं, हे शोभत नाही, असं त्याचं चाललेलं असतं. तो डुलकी घेतो तेव्हा आतलं बाहेर येतं. तर त्या पोरांनी ठरवलं की त्याला उठवायचंच नाही. मनात येईल ते न थांबता लिहायचं, हातातून येईल ते न खोडता काढायचं. एकोणीसशे चोवीस साली त्यांनी तसा जाहीरनामाच काढला.

"रिकामटेकडी हुती म्हना की," पारूबाई म्हणाली.

"होतीच," मी म्हटलं, "पण खेळ चांगले खेळायची. खेळायचा का एक?"

मी पिशवीतून ड्रॉइंगचा कागद काढला आणि आडव्या दोन घड्या घालून त्याचे तीन भाग केले. पहिलीने तोंड काढायचं, कोणाचंही: माणसाचं, पाखराचं, भुताचं, जे पहिलं मनात येईल ते. मग घडी पालटायची. दुसरीने ते न बघता धड काढायचं, तिसरीने पाय. पॅरिसात ही मंडळी संध्याकाळच्या संध्याकाळी हा खेळ खेळायची. कागद उघडला की छत्रीचं डोकं, बाटलीचं धड आणि बदकाचे पाय असलं काहीतरी निघायचं, आणि तेच त्यांना हवं असायचं. जे एकट्याच्या डोक्यातून कधी आलं नसतं ते.

तिघींनी 'आमाला न्हाई येत' म्हणून झालं. मग पारूबाईने पेन्सिल घेतली, दाभण धरावं तशी. नागपंचमीला भिंतीवर नाग काढणारे हात ते, रेघ घाबरत नव्हती. तिने काढलं आणि घडी पालटून गऊबाईकडे दिली. गऊबाईने पदराआड लपवून काढलं, जणू मी कॉपी करणार होते. सोनाबाई सगळ्यात कमी वेळ घेऊन मोकळी झाली. तिने काढताना कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोर, बांधाच्या उतारावर बघत होती.

मी कागद उघडला आणि खरं सांगते, हिरमुसले.

बैल निघाला होता. वर बैलाचं तोंड आणि शिंगं, मधे बैलाचं अंग, खाली बैलाचे खूर. कोणी कोणाचं बघितलं नव्हतं, मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. छत्री नाही, बाटली नाही, भूत नाही. तीन बायकांना मनातलं पहिलं काढा म्हटलं आणि तिघींच्या मनात एकच निघालं. माझ्या पुस्तकातला योगायोगावरचा अख्खा भाग आडवा झाला होता.

पारूबाई आणि गऊबाई मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. कागदावर वाकून त्यांचं भांडण जुंपलं होतं.

"आमचा सर्जा हाय ह्यो," पारूबाई म्हणाली. "डाव्या शिंगाचं टोक मोडल्यालं, बघा."

"शिंग आसंल तुझं. वशिंड आमच्या ढवळ्याचं हाय. एवढं वशिंड तुझ्या सर्जाला सात जन्मांत यायचं न्हाई."

मग माझं लक्ष पायांकडे गेलं. चारही पाय एकाच बाजूला, लुळे टाकल्यासारखे काढले होते. चौदा वर्षं मी मुलींच्या वहीतले पाय दुरुस्त करते आहे. हात आपोआप पुढे गेला. "पाय असे नाही, खाली सरळ यायला हवेत," म्हणत मी पेन्सिल टेकवली.

सोनाबाईने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. "ऱ्हाऊ द्या, बाई."

'न खोडता' असं दहा मिनिटांपूर्वी मीच सांगितलं होतं. मी पेन्सिल ठेवली. मुकादमाने शिट्टी वाजवली आणि त्या उठल्या. जाता जाता पारूबाई वळून म्हणाली, "कोल्हारला जाताव का? आमच्या मान्सांस्नी दावा ह्यो. म्हनावं, बैलाची सय येती. तुमची न्हाई येत." सगळ्या हसल्या. सोनाबाईही हसली.

मी कोल्हारला जाणार नव्हते. पण माझा प्रयोग फसला होता आणि फसलेला प्रयोग घेऊन पुण्याला जायची माझी तयारी नव्हती.

कोल्हार

कोल्हारला उतरल्यावर पहिल्यांदा नाकाला कळतं. गुळमट, ओला वास. नदीकाठी ऊस उभा होता आणि त्याच्या कडेला, पाचटाच्या छपराखाली, जनावरांच्या रांगा. बरगड्या दिसत होत्या, पण तोंडं चालू होती. माणसं जनावरांच्या मधेच राहत होती. तीन दगडांची चूल, एक वळकटी, एक बादली. घरी जे काम बायका करतात ते सगळं इथे पुरुष करताना पाहून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पारूबाईचे यजमान रामभाऊ भाकरी थापत होते. भाकरीचा आकार एखाद्या जिल्ह्याच्या नकाशासारखा होता. मी त्यावर काही बोलायच्या आत त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली, वर ठेचा आणि शेजारी उसाचं कांडकं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

मग कागद काढला. रामभाऊंनी हात धोतराला पुसून तो घेतला आणि शिंग बघताच त्यांच्या मिश्या हलल्या. "सर्जा! मोडल्यालं टोकबी सोडलं न्हाई बयेनं." गऊबाईचा मुलगा धावत आला, त्याने वशिंडावर हक्क सांगितला. चार माणसं गोळा झाली. मला वाटलं, खेळ फसला असेल, पण येणं फुकट गेलं नाही.

सोनाबाईचा नवरा भिवा सगळ्यांच्या मागून आला. उंच, वाकून चालणारा. त्याने कागद हातात घेतला नाही, रामभाऊंच्या हातातच बघितला.

"पाय कुनी काढलं?"

"सोनाबाईंनी," मी म्हटलं. "त्यांना पाय नीट जमले नाहीत, पण—"

"ह्यो बैल उभा न्हाई," तो म्हणाला. "पाय टाकल्यात त्यानं."

रामभाऊंनी कागदाची घडी घातली. भिवा छपराच्या खांबाला टेकून खाली बसला आणि तेव्हा मला दिसलं की त्याच्या दावणीला एकच बैल होता.

शिमग्याच्या आदल्या दिवशी गेला, त्याने सांगितलं. कोरड्या कडब्यावर वाढलेला बैल, हिरव्या वाढ्याची सवय नव्हती. पोट फुगलं. डॉक्टर आले, सुई दिली, दुपारपर्यंत संपलं. ही गोष्ट छावणीत सगळ्यांना ठाऊक होती आणि तिसगावात एकालाही नव्हती.

"कार्डात का नाही कळवलंत?"

"कसं कळवनार? ती दिसभर खडी फोडती. घरात कुनी न्हाई. ऐकल्याव कुनाच्या गळ्यात पडंल ती? पाऊस पडला की घरी जानार हुतो. तोंडानं सांगनार हुतो." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तिला कुनी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग तुमीबी सांगू नगा, बाई. आन् त्यो कागद हितंच ठिवून जावा."

मी गुळाचा चहा घेऊन नदीकडे तोंड करून बसले. माझी अवस्था चमत्कारिक झाली होती. दारावरच्या पहारेकऱ्याविरुद्ध मी एकशेवीस पानं लिहिली होती, आणि आता हा भला माणूस मलाच त्या दारावर बसायला सांगत होता. पुण्याची गाडी पाचला होती. तीत बसले असते तर कोणी मला नावं ठेवली नसती. सोनाबाईला ठाऊक होतं अशी माझी खात्री होती म्हणाल, तर नव्हती. कदाचित तिला खरंच पाय काढता येत नसतील. कदाचित मी माझ्या पुस्तकासाठी एका बाईच्या घरातलं दुःख पुरावा म्हणून उचलत होते. या विचाराने मला स्वतःची लाज वाटली. पण तिने माझं मनगट धरलं होतं, ते काही मनातून जाईना.

मी उठले. "भिवाभाऊ, मी नाही सांगणार. तुम्ही चला आणि सांगा."

"न्हाई जमायचं."

"तुम्ही लपवताय म्हणून तिला दुःख होत नाही असं तुम्हाला वाटतं. तिच्या हातातून काय निघालं ते आत्ता तुम्हीच वाचलंत. मी चित्रकला शिकवते, मला ते वाचता आलं नाही. तुम्हाला आलं. ती तिथे एकटीच त्या पडलेल्या बैलापाशी बसली आहे."

तो म्हणाला, राहिलेल्या बैलाला कोण बघणार? मी म्हटलं, मी बघते. यावर रामभाऊ इतक्या दुःखातही हसले. "बाई, तुमी नगा. मी हाय. जा रं भिवा, दोन दिसांत ये."

भिवाने मुंडासं सोडलं, परत बांधलं. असं दोनदा केलं. मग पायात वहाणा घातल्या. रामभाऊंनी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला.

पुन्हा तिसगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर पोहोचलो. सोनाबाई मातीची पाटी घेऊन चढत होती. तिने वरून आम्हाला पाहिलं: पुढे भिवा, रिकाम्या हाताने, आणि मागे मी. ती थांबली नाही. बांधाच्या टोकापर्यंत गेली, पाटी रिकामी केली, उलटी करून झटकली, आणि मग खाली आली.

भिवाने मुंडासं सोडून हातात घेतलं.

"कवा?" तिने विचारलं.

"शिमग्याच्या आदल्या दिशी."

तिने मान हलवली. मग तिथेच खडीच्या ढिगावर बसली आणि पदर तोंडाला लावला. भिवा तिच्याशेजारी बसला, मधे हातभर अंतर ठेवून, जसं चारचौघांत बसतात. पारूबाई कुठून आली कळलं नाही. तिने सोनाबाईची पाटी उचलली, स्वतःच्या पाटीत घातली आणि दोघींचं काम एकटी ओढायला लागली. मुकादम शिट्टी तोंडात धरून उभा होता, त्याने ती वाजवली नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि रडले. ज्या बैलाला मी कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी रडले, आणि त्याचे पाय दुरुस्त करायला निघाले होते म्हणूनही.

बऱ्याच वेळाने सोनाबाईने मला हाक मारली. भिवा पाण्याच्या पिंपाकडे गेला होता. मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो मांडीवर उघडला आणि पायांवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"न्हाई. पैल्या कार्डांत दोनी बैलांची नावानिशी खुशाली यायची. मागच्या दोन कार्डांत नुसतं 'जनावरं ठीक.' म्या मनाला म्हनलं, कार्डावर जागा नसंल. मनानं ऐकलं. हातानं न्हाई ऐकलं."

ती हे माझ्यासाठी म्हणाली नव्हती. कागदाकडे बघत म्हणाली. पण तीन वर्षं जे वाक्य मला सापडत नव्हतं ते माझ्यासमोर, खडीच्या ढिगावर बसलेलं होतं. मला पिशवीतली वही काढावीशी वाटली, आणि ती काढायला हात धजेना.

शेवटी मी सरळ विचारलं. "सोनाबाई, हे मी पुस्तकात लिहू का?"

"कंच्या? त्या लढाईतनं आल्याल्या पोरांच्या?"

"त्याच."

"त्यांच्यात ह्याला घेत्याल?"

"संपादक नको म्हणतील," मी म्हटलं. "तरी मी घेणार. पहिल्या पानावर घेणार."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी खोटं बोलत नाही याची खात्री करून घेत होती बहुधा. मग तिने कागदाची घडी केली, ती कमरेला खोचली, आणि माझ्या पिशवीकडे हनुवटीने खूण केली. मी वही काढली.

"बैल मेला, एवढंच नगा लिवू. नाव लिवा त्याचं." तिने मी लिहायला सुरुवात करीपर्यंत वाट पाहिली. "गुलब्या. जोडीत डाव्या अंगाला चालायचा. त्ये बी लिवा."

मी लिहिलं.